शेवटचं जेल

आज कांदे मुरवायला सिरक्याची बाटली उघडली आणि त्या आंबूस वासाने उज्जैनची प्रयोगशाळा आठवली. पीएच.डी.साठी मी प्रथिनं वेगळी करत होते. नमुना संपला होता आणि ज्या जेलीसारख्या पातळ थरात प्रथिनांच्या पट्ट्या दिसायला हव्या होत्या, ते शेवटचं जेल रंगवल्यावर नुसतंच निळंभोर दिसत होतं. रडवेली होऊन मी ते फेकायला निघाले, तेव्हा भैरवगढच्या कापड रंगवणाऱ्या रंगारी घरातले आमचे लॅब अटेंडंट रशीदचाचा म्हणाले, “रुको बेटी, रंग को उतरने का टाइम तो दो.”

त्यांनी सिरक्यातल्याच ॲसिडचं आंबूस पाणी तीनदा बदललं. दुपारपर्यंत जेल निवळलं आणि त्यात प्रथिनांच्या बारीक निळ्या पट्ट्या दिसू लागल्या. चाचा माझ्याहून जास्त वेळ बघत राहिले.

प्रबंधात मी सगळ्यांचे आभार मानले. चाचांचं नाव लिहायचं मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.