नाकपुड्या डोळ्यांपाशी

हे मी आजवर घरीही बोललो नाही.

विश्रामबागेतल्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायला नवाच लागलो होतो. प्रयोगशाळेच्या काचकपाटात एका नामशेष प्राण्याची प्लास्टरची कवटी होती. लांबडा जबडा, करवतीसारखे दात. खालच्या चिठ्ठीवर मीच झोकात लिहिलं होतं, 'मगरीचा पूर्वज'.

प्रयोगशाळेचे शिपाई, सगळ्या कॉलेजचे मामा, कृष्णाकाठचे. उसातल्या वाटेनं सायकलवर यायचे. फॉर्मॅलिनच्या वासात त्यांच्या डब्यातल्या ठेच्याचा वास मिसळला की साडेअकरा झाले समजायचं. तो वास अजून नाकात आहे.

एकदा भर तासाला कवटी पुसता पुसता ते म्हणाले, "सर, ही मगरीतली वाटत न्हाई."

"का बरं?"

"आवं, नाकपुड्या पार डोळ्यांपाशी हायत. मगरीच्या टोकाला असत्यात. पाण्यावर नाक आन् डोळं तेवढंच दिसतं, मधल्या अंतरावरनं आमी जनावर केवढं त्ये वळखतो. ह्येचं कसं वळखायचं?"

पोरं हसली. मीही हसलो. "मामा, तास तुम्हीच घ्या, मी फडकं मारतो."

मामा फडकं घेऊन बाहेर गेले.

संध्याकाळी ग्रंथालयात सापडलं. फायटोसॉर. नाकपुड्या डोळ्यांजवळ, हीच त्याची खूण. पूर्वज नव्हेच, मगरीच्या भावकीतला. तोही किती लांबचा, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. मी चिठ्ठी बदलली. विभागप्रमुखांनी विचारलं, "कुणाच्या ध्यानात आलं हे?"

"माझ्या."

मामा तिथंच बरण्या लावत होते. पुढं निवृत्त होईपर्यंत रोज मला चहा आणून देत राहिले. निरोपाच्या भाषणात मी त्यांच्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं. तेवढंच.

गेल्या महिन्यात त्यांच्या गावी गेलो. ओसरीवर बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं.

"ठावं हाय की," मामा म्हणाले. "चिठ्ठी बदलल्याली मी तवाच वाचली."

"मग बोलला का नाहीत?"

"कुनाला बोलू? घरात सांगितलं, तर हिनं लय हसून घेतलं. म्हनली, फडकं मारनारा मास्तराला शिकवतोय व्हय?" मग आत तोंड करून त्यांनी हाक मारली, "अगं ए, भाईर ये जरा. सर आल्यात. आता त्यांच्या तोंडनं ऐक."

मामी पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. मामा माझ्याकडं बघत होते.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.