दोन वीत

टाकवे बुद्रुकच्या आमच्या कंपनीत दोन गोष्टी बनतात, लिक्विड साबण आणि चौकशीचे अहवाल. साबण खाली प्लँटमध्ये बनतो, अहवाल वर माझ्या टेबलावर. मी कौमुदी, तळेगावहून येते, एचआरला आहे. महिपतीभाऊंचा अहवाल मीच टाइप केला. त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहायचा मला खरं तर काही अधिकार नाही.

महिपतीभाऊंचं काम टाक्या मोजायचं. सहा टाक्या, प्रत्येक दोन पुरुष उंच. शिडी चढायची, झाकण उघडायचं, आत काठी सोडायची आणि खाली ओरडायचं, "दोन वीत!" म्हणजे टाकी दोन वीत भरलेली नव्हे, दोन वीत रिकामी. त्यांच्या घरी विहिरीचं पाणी असंच सांगायचे. किती आहे ते कुणी विचारत नसे, किती खाली गेलंय ते विचारत. बावीस वर्षं प्रत्येक शिफ्टला ही भाषा ठाऊक होती, आणि बावीस वर्षांत एकही टाकी उतू गेली नव्हती.

मग वरच्यांना सेन्सरची हौस आली. पुण्याहून यशोधन नावाचा इंजिनिअर आला. मुठीएवढं यंत्र, झाकणात बसवायचं. "हा खाली आवाज सोडतो, भाऊ. आपल्याला ऐकू येत नाही असा. तो साबणावर आपटून परत येतो. किती वेळ लागला त्यावरून हा अंतर काढतो."

भाऊंनी यंत्र उलटसुलट करून पाहिलं. "म्हंजी ह्ये बी रिकामंच मोजतंय की!" आपल्यासारखाच मोजणारा कुणीतरी भेटला म्हणून त्यांना केवढा आनंद झाला होता.

आठ दिवस ते यशोधनच्या मागे शिड्या चढले. "हितं लावू नगा, सायेब. वरनं धार पडती. तुमचं यंत्र धारंलाच साबन समजंल." यशोधन त्यांना गुरुजी म्हणायचा, चहा पाजायचा. मला त्या कौतुकाचा तेव्हाच राग आला होता. ज्याच्या जागी यंत्र बसवायचं, त्याच्याकडूनच ते कुठं बसवायचं हे विचारून घ्यायचं, आणि वर गुरुजी म्हणायचं!

सेन्सर रिकामी जागा मोजतो. स्क्रीनवर मात्र टाकी किती भरली ते दिसायला हवं. त्यासाठी एकूण उंचीतून वजाबाकी करायचं सेटिंग प्रत्येक टाकीला करावं लागतं. यशोधननं पाच टाक्यांचं केलं. तीन नंबरचं राहिलं. शुक्रवार होता, आणि खंडाळ्याला मित्रांनी दोन दिवस बंगला भाड्यानं घेतला होता.

शनिवारी सकाळी स्क्रीनसमोर संदेश नावाचा पोरगा बसला होता, महिन्यापूर्वीच कामाला लागलेला. तीन नंबरसमोर पंचेचाळीस सेंटिमीटर दिसत होतं. शहाणा होता, खात्री करायला म्हणून त्यानं भाऊंना फोन लावला.

"भाऊ, तीन नंबर किती?"

"दोन वीत."

संदेशनं आपली वीत टेबलावरच्या पट्टीला लावून पाहिली. दोन वीत म्हणजे साधारण पंचेचाळीस. यंत्र आणि माणूस एकच सांगतायत, म्हणजे टाकी तळाला आहे! त्यानं पंप सुरू केला आणि अख्खी बॅच तीन नंबरमध्ये सोडली.

भाऊ तेव्हा सहा नंबरच्या शिडीवर होते. "बंद कर! बंद कर रं!" करत ते धावत आले तोवर टाकी चहूबाजूंनी वाहत होती. साबण गटारात गेला, गटारातून ओढ्याला. दुपारपर्यंत गावचा ओढा फेसानं पांढरा झाला. गुरं पाण्याला नेणाऱ्या बाया भाऊंच्या दारात जाऊन बोलल्या, आणि ते सगळं त्यांच्या बायकोनं, नंदाबाईनं, ऐकून घेतलं.

सोमवारी चौकशी झाली. प्लँट मॅनेजर, यशोधन, संदेश, टाइप करायला मी. भाऊ उभेच होते. खुर्ची होती, पण बसा असं कुणी म्हटलं नाही.

"दोन वीत म्हनलो, सायेब. दोनच वीत व्हतं. मी खोटं बोललो का?"

भाऊ यशोधनकडे पाहत राहिले. यशोधन लॅपटॉपमध्ये पाहत राहिला. शनिवारी संध्याकाळीच त्यानं तीन नंबरचं सेटिंग दुरुस्त करून तसा मेल टाकला होता. तो मेल मलाही आला होता. मी वाचला होता.

मॅनेजरनं सांगितलं, "लिहा, अस्पष्ट तोंडी माहिती दिल्यामुळे." मी लिहिलं. भाऊ ठेकेदाराचे माणूस, त्यामुळे पुढं फार काही करावं लागलं नाही. संध्याकाळी गेटपास काढून घेतला. मला आजही त्या खोलीतल्या चौघांची घृणा वाटते, आणि त्यात मी पहिली.

महिन्याभरानं ते टाकव्याच्या एसटी थांब्यावर भेटले. डोक्यावर कडब्याची पेंढी होती. मला पाहून ओळख टाळतील असं वाटलं होतं, पण थांबले. मी नंदाबाईंची चौकशी केली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "भाऊ, किती वर्षं झाली होती हो तुम्हाला कंपनीत?"

त्यांनी मनात निवृत्तीच्या साठातून आपलं वय वजा केलं असणार.

"सा वर्सं रिकामी ऱ्हायली, ताई."

भरलेली बावीस अहवालात होती, मीच टाइप केलेली. एसटी आली, आणि मी चढले.