आम्ही बँकेला वाकवलं

आमच्या घरात सांगितलेल्या भावात वस्तू घेणं म्हणजे पाप. सासूबाई, म्हणजे मी त्यांना आईच म्हणते, उभं आयुष्य फुलबाजारात बसलेल्या. मळ्यातली शेवंती, झेंडू, गुलाब आधी डोक्यावरच्या पाटीतून विकले, मग टेम्पोतून. समोरच्यानं भाव पाडायला सुरुवात केली की त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज यायचं, काय सांगू! त्यांचा नियम साधा होता. सांगतील त्याच्या निम्म्यापासून बोलायचं, मग तोंड वाकडं करायचं, मग उठून चालायला लागायचं. दहा पावलांत हाक येतेच. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला स्वयंपाक नाही शिकवला, हे शिकवलं. आमचे हे मात्र दुकानदार म्हणेल तेवढे देऊन मोकळे होणारे. "तुझ्या नवऱ्याला कुनीबी लुटंल," असं त्या मलाच ऐकवायच्या, जसं काही यांना मीच जन्माला घातलंय.

गंगापूर रोडवर माझं फुलांचं दुकान आहे. हार, गुच्छ, लग्नाच्या स्टेजची सजावट. गाळा भाड्याचा, पण अकरा वर्षं मीच त्याचं शटर उघडतेय. सजावटीचे स्टँड, कापडं, दिव्यांच्या माळा हे सगळं मी क्रेडिट कार्डावर घेतलं आणि चार लग्नांत फिटेल म्हणून खुशीत होते. नेमके ऐन लग्नसराईत पित्ताशयातले खडे उठले. ऑपरेशन झालं, दुकान दोन महिने बंद. कार्डाचं बिल आलं की त्यातली सगळ्यात लहान रक्कम, ती 'किमान' लिहिलेली, मी भरायचे आणि म्हणायचे, चला, सुटले! व्याज आपलं दुधासारखं उतू जातच होतं. मग ती किमान रक्कमही जमेना. आकडा एक लाख तीस हजारांवर गेला तेव्हा मीच घाबरून बँकेला फोन लावला.

फोनवरची बाई फार गोड बोलली. म्हणाली, "मॅडम, अडचण असेल तर सगळ्या रकमेचे दोन वर्षांचे हप्ते बांधून देते, व्याजही कमी लावते. तशी नोंद तुमच्या रेकॉर्डवर येईल, स्कोअर थोडा उतरेल, पण सगळे फिटले की खातं व्यवस्थित बंद होईल." मला पटलं होतं, देवाशपथ. पण फोन स्पीकरवर होता आणि शेजारी आई लसूण सोलत होत्या.

"समदेच भरायचे, तर मंग सवलत कशाची गं? ठेव फोन."

फोन ठेवणं म्हणजे उठून चालायला लागणं. मी ठेवला! आणि काय आश्चर्य, काही आठवड्यांनी हाक आलीच. या वेळी वसुलीवाला माणूस होता. "एकरकमी भरणार असाल तर एक लाख दहा." आईंनी हाताचा पंजा हलवला. मी फोन ठेवला. तो पुन्हा एक लाखावर आला. पुन्हा ठेवला. आम्ही दोघी पोट धरून हसत होतो. महिना-दीड महिना हा खेळ चालला आणि शेवटी अठ्ठ्याहत्तर हजारांवर सौदा पटला. बावन्न हजार सोडले त्यानं! "याचा तुमच्या क्रेडिट स्कोअरवर परिणाम होईल," असं काहीतरी तो भरभर म्हणाला. मी म्हटलं, होऊ दे बाबा, मला काय परीक्षेला बसायचंय?

भिशी उचलली, पैसे भरले. आईंनी दुसऱ्या दिवशी फुलबाजारात किलोभर जिलबी वाटली. "सुनेनं बँकेला वाकवलं!" शेवंतीवाल्या, मोगऱ्यावाल्या, सगळ्या मला बघायला आल्या. एकीनं तर तिच्या कार्डाचं बिलच आणलं होतं. मी अशी मिरवत होते की विचारू नका.

वर्ष झालं असेल. गाळ्याचे मालक, सत्तरीचे काका, दुकानात आले. मुलाकडे कायमचे राहायला निघाले होते. "ताई, गाळा विकायचाय. बाहेर गिऱ्हाईक आहे, पण अकरा वर्षं भाडं तुम्ही एक दिवस चुकवलं नाही. आधी तुम्हाला विचारतो. दोन महिने थांबतो." अहो, काका वळले आणि मी गुलाबांच्या बादल्यांमध्ये अक्षरशः नाचले. माझा गाळा! बाहेरच्याला गेला असता तर फुलांसकट रस्त्यावर आले असते. थोडे पैसे गाठीला होते, बाकीचं कर्ज काढायचं ठरलं.

आई, हे आणि मी, तिघं नटूनथटून कर्जाच्या बँकेत गेलो. साहेब म्हणजे अगदी कोवळा माणूस. त्यानं माझं नाव टाकलं, स्क्रीनकडे बघितलं आणि चेहरा पाडला. "ताई, स्कोअर सहाशेच्याही खाली आहे. आणि इथे एका कार्डापुढे 'सेटल्ड' लिहिलंय."

"हो!" मी ताठ बसून सांगितलं. "मीच केलं ते!"

"बावन हजार कमी क्येले," आईंनी जोड दिली.

त्याला हसावं की रडावं कळेना. मग त्यानं समजावून सांगितलं. सेटल्ड म्हणजे कर्ज फिटलं असं नाही, पूर्ण दिलं नाही असं. कोणत्याही बँकेनं माझं नाव टाकलं की तिला तेच दिसणार, आणि ते वर्षानुवर्षं दिसत राहणार. त्या बाईनं सांगितलेले हप्ते घेऊन सगळे फेडले असते तर स्कोअर उतरला असता खरा, पण सावरलाही असता. आम्ही जे जिंकलो म्हणून नाचलो, तेच नडलं होतं. मी वकिलासारखी भांडले. म्हटलं, "बँकेनं स्वतः होऊन कमी केले, आम्ही काय चोरी केली? भाव सगळेच पाडतात!"

तेव्हा आईंनी माझा हात धरला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"थांब गं. भाव घ्यायच्या आधी पाडत्यात. आपन माल घरी न्येला, वापारला, आन मंग भाव पाडला व्हय?" साहेबाकडे वळून म्हणाल्या, "आसं गिऱ्हाईक माझ्याकडं आलं तर मी त्याला उधार गजराबी देनार नाय."

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. दीड महिना फोन ठेवून हसत होतो, पण हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

मग साहेबानं यांचं नाव टाकलं आणि खुर्चीत सरळ झाला. सातशे नव्वद! यांची शाळेची व्हॅन कर्जावर घेतलेली, हप्ता कधी एक दिवस इकडचा तिकडे नाही. "यांच्या एकट्याच्या नावावर कर्ज लगेच होईल," साहेब म्हणाला. "ताईंचं नाव जोडलं तर वरून नामंजूर होऊन येईल. गाळाही मग यांच्या एकट्याच्याच नावावर घ्या." आमच्या बावळट माणसानं आम्हा दोघी शहाण्यांना तारलं. आई तशातही पुटपुटल्या, "ह्यो तर माझाच." मला फस्सकन हसू आलं.

खरेदीखताच्या दिवशी पेन हातात धरून हे माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "अजून थांबायचं का?" काकांचे दोन महिने संपत आले होते, थांबून कसं चालेल? मी म्हटलं, "करा सही. वेंधळ्यासारखं बघू नका." पेढे वाटले, फोटो काढले, मी सगळ्यांत जोरात हसले. पण खरं सांगते, घरी आल्यावर मोरीत जाऊन रडले. अकरा वर्षांचं माझं दुकान, आणि त्या जाड कागदात माझं नाव कुठेच नव्हतं.

आईंनी पाहिलं असावं. सोमवारी पोस्टातली ठेव मोडून आल्या आणि मला घेऊन थेट कार्डाच्या बँकेत. काउंटरवरच्या पोराच्या पुढ्यात पिशवी ठेवली. "बावन हजार ऱ्हायले व्हते. घ्या."

"मावशी, ते माफ झालेत. खातं मिटलं."

"माफ नगं. घ्या."

"पण घ्यायला खात्यात काही बाकीच दिसत नाही!"

पैसे द्यायला आलेल्या बाईला परत पाठवायचं म्हणजे कमालच! तो आत गेला, बाहेर आला, वर मेल केला. आम्ही तीन वेळा चकरा मारल्या. तिसऱ्या खेपेला त्याचे साहेब स्वतः उठून आले. म्हणाले, "परवानगी आली. बघतो, अजून थोडं कमी होतंय का?" आई ओरडल्याच, "ए बाबा, कमी करू नको! एक रुपयाबी कमी घेऊ नको!" अख्खी शाखा मान वळवून बघायला लागली. मी तोंडावर पदर घेतला, हसू दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं.

पावती माझ्या नावाची निघाली. कार्डापुढची नोंद आता 'बंद' अशी होईल आणि काही बाकी नाही असं पत्र घरी येईल, असं साहेब म्हणाले. मी विचारलं, "मग स्कोअर?"

"तो लगेच नाही चढत, ताई. मागे चुकलेल्या महिन्यांची खूण राहते. वेळेवर भरत राहा. दोनेक वर्षं धरा."

मी आईंकडे पाहिलं. त्यांनी रिकामी पिशवी झटकली, घडी घालून कमरेला खोचली.

"दोन वर्षं तर दोन वर्षं," त्या साहेबांना म्हणाल्या. "माझं नाव हयातीत कंच्याच जागेच्या कागदाला लागलं नाय. हिचं त्या गाळ्याला लागल्याबिगर मी मरत नाय."