हिंदुरावांच्या गिटारची खंडेनवमी

वारज्यातली शेती इमारतींखाली गेली तेव्हा भावकीतल्या कुणी मोठी गाडी घेतली, कुणी गळ्यात जाडजूड साखळी घातली. हिंदुरावांनी गिटार घेतली. तीही साधी नाही, पोकळ पोटाची, इलेक्ट्रिक, अंगावर दोन नक्षीदार भोकं असलेली. साठीला टेकलेला माणूस शाळकरी पोरांच्या शेजारी बसून क्लासात कॉर्ड शिकतोय म्हणून गाव हसलं. हसेना का! लोकांना विचारून केली ती हौस कसली?

सून तनुजा वर्ध्याकडची. आयटीत नोकरी, बोलणं मोजकं. घरात येऊन वर्ष होत आलं तरी सासऱ्याशी चहा-जेवणापलीकडे विषय जात नव्हता. यंदा मात्र सोसायटीच्या कोजागिरीला माहेरचं भुलाबाईचं, म्हणजे तिकडच्या भोंडल्याचं, गाणं म्हणेन, असं ती आपणहून म्हणाली आणि बाबा साथ करतील का, असंही विचारलं. हिंदुरावांना एवढा आनंद झाला की जेवताना त्यांनी भात दोनदा मागून घेतला.

दसऱ्यानंतर पहिली तालीम झाली आणि सगळा विचका झाला. गिटारचा आवाज गढूळ. जाड तारा नुसत्या घुमत होत्या, बारीक तारा गोधडीतून बोलल्यासारख्या, आणि त्या घुमण्यात तनुजाचा मऊ आवाज बुडून जात होता. मुलगा ऋषी म्हणाला की मी कॉम्प्युटरवर ट्रॅक बनवतो, फोनवर लावू, एकदम क्लीन येईल. तनुजा हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. हिंदुरावांना तेच लागलं. कोजागिरी तर तोंडावर आलेली.

मग ते कामाला लागले. आधी वायर बदलली. ॲम्प्लिफायर भिंतीच्या कोपऱ्यात होता, तो खोलीच्या मध्यावर ओढला. टोनचा नॉब पूर्ण उघडला. तारांखालचा पिकअप म्हणजे गिटारचा कानच, तो जाड तारांच्या फार जवळ आला असेल म्हणून पेचकसने खाली घेतला. प्रत्येक उपायाने थोडं बरं वाटायचं, पण गढूळपणा हटेना. हिंदुराव ॲम्प्लिफायरला शिव्या देऊ लागले तेव्हा ऋषी म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." पेठेतल्या दुरुस्तीवाल्याला फोनवर आवाज ऐकवला, तर तो म्हणाला की गिटार घेऊन या, फोनवर तुमचाच आवाज धड ऐकू येत नाहीये.

त्या दुपारी जेवायला बसल्यावर सोजरबाईंनी भाकरी वाढता वाढता नवऱ्याच्या बोटांकडे पाहिलं.

"आवं, हात धुतलं न्हाईत का? बोटं पिवळी हायेत."

हात तर धुतले होते. हिंदुरावांनी बोटं चोळून पाहिली. पिवळी, आणि वर तेलकट. घास तसाच राहिला.

खंडेनवमीला त्यांनी दरवर्षीप्रमाणे कोयता, फावडं, कुदळ घासूनपुसून पाटावर मांडली होती. शेत गेलं तरी अवजारांची पूजा थोडीच चुकते! त्या रांगेत यंदा शेवटी गिटार होती. आणि लोखंडाला गंज चढू नये म्हणून कोयत्याला लावतात तसं खोबरेल तेल त्यांनी तारांनाही चांगलं चोळून लावलं होतं. वर ओल्या बोटांनी हळदकुंकू. तो सगळा चिखल जाड तारांच्या वेटोळ्यांत जाऊन बसला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आता शिव्या कुणाला द्यायच्या? हिंदुराव एकटेच इतके हसले की सोजरबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

पूजेचं कुंकू पुसायचं कसं, हा पेच सोजरबाईंनीच सोडवला. दसरा झाला, आता देव काय तारंत बसून राहणार हाय का, असं त्या म्हणाल्या. पुसूनही भागलं नाहीच. नव्या तारा चढवल्या आणि जुन्या वेटोळं करून तुळशीच्या कुंडीत ठेवल्या.

आता प्रत्येक तार स्वच्छ बोलू लागली, आणि प्रत्येक चूकही. एक कॉर्ड हिंदुराव कायम उशिरा धरायचे, ते एकट्याने वाजवताना आजवर त्यांनाही कळलं नव्हतं. ते ओशाळले. ऋषीचा ट्रॅकच बरा, असं मनात आलं आणि चुका झाकायला हात टोनचा नॉब मिटवायला गेला. तनुजाने ते पाहिलं.

"राहू द्या बाबा," ती म्हणाली. "चुकलेलं कळतंय तर दुरुस्त होईल."

दोघं तालमीला बसले, रोज, तिचं ऑफिसचं काम आटोपल्यावर. मधल्या वेळात ती भुलाबाईच्या गमती सांगायची, आणि हिंदुराव त्या सोजरबाईंना पुन्हा सांगायचे.

कोजागिरीला गच्ची भरली होती. दुधाचं पातेलं उकळत होतं. तनुजाचा आवाज सुरुवातीला कापला, मग लागला. दोन कडवी छान झाली आणि तिसऱ्याच्या तोंडाशी तिला शब्दच आठवेनात. तिने हिंदुरावांकडे पाहिलं. हिंदुरावांनी पुढची कॉर्ड धरलीच नाही. ते त्याच दोन कॉर्डवर गोल फिरत राहिले. ऋषी समोरून पुढे जा, पुढे जा अशा खुणा करत होता. त्यांनी तिकडे पाहिलंच नाही, ते सुनेच्या ओठांकडे पाहत होते. बऱ्याच फेऱ्यांनंतर तिने मान हलवली आणि कडवं उचललं.

टाळ्या संपल्यावर ती दुधाचा पेला घेऊन त्यांच्याजवळ आली.

"फोन माझ्यासाठी थांबला नसता, बाबा."

पहाटेपर्यंत वाजवत बसलो असतो, असं हिंदुरावांना सांगायचं होतं. पण त्यांनी पेला तिच्याकडेच परत सरकवला.

"दूध पी, पोरी," ते म्हणाले. "साय धरतीया."