डांबराखालची फळी

प्रकाशाला तापीच्या काठी नावा दुरुस्त करणारे एक मिस्तरी होते. महायुद्धाच्या त्या दिवसांत नवे खिळे मिळत नसत, म्हणून ते जुनेच ठोकून सरळ करत आणि तोंडात धरून ठेवत. त्यामुळे त्यांचं उत्तर म्हणजे बहुतेक वेळा नुसता हुंकार. बोलायचंच असलं तर आधी खिळे तळहातावर काढत.

सुरतेच्या शाळेतून मी दिवाळीला घरी आले, तेव्हा काकांची नाव त्यांच्याकडे होती. पलीकडच्या शेतात कापूस वेचायला बायांना न्यायचं होतं.

"डांबर लायी दे, मिस्तरी. आज चाली जाई," काका म्हणाले.

मिस्तरींनी खिळे काढले. "फळी सडेल शे, आबा." आणि पटाशी मारून त्यांनी नावेच्या तळाला भलंमोठं भोक पाडलं.

"मन्ही नाव फोडी तू!"

"हा. आते तिन्हामा कोनी बसाव नई."

काका संतापले. पण काठावर खोळंबलेल्या बायाही मिस्तरींवरच उखडल्या. "आमना रोज बुडना! पोरेसले काय डांबर खावाडू?"

मिस्तरींनी सगळं ऐकून घेतलं आणि नवी लांब फळी ओढली. "धरा मंग. लवकर व्हई."

पुटपुटत बाया वाकल्या. तरी फळीचं एक टोक जमिनीवरच राहिलं. काका माझ्याकडे बघत होते. मी पुढे झाले आणि ते टोक उचललं.