कुसुममावशीचा कान

फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. कुरुंदवाडहून मामेभाऊ बोलत होता. "कुसुमआत्या गेली गं. सकाळीच." त्याची आत्या, म्हणजे माझी सख्खी मावशी. मी "बरं" म्हटलं आणि उरलेल्या पोळ्या केल्या. त्याला पाच आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही...

मावशी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका प्रसूतिगृहात नर्स होती. लग्न केलं नाही. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायला तेव्हा कर्ण्यासारखी नळी असायची. एक टोक बाईच्या पोटावर, दुसऱ्याला नर्सचा कान. मावशी घड्याळाकडं बघत पुरतं मिनिटभर मोजायची. तोवर कुणाची सासू जरी बोलली तरी हात वर करून गप्प बसवायची. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, कुसुमनं सांगितलेला आकडा मी पुन्हा मोजत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझं पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. दुसऱ्या वेळी आठवा लागला आणि तपासणीला गेले. मावशीनंच नळी लावली. मिनिट झालं. तिनं जागा बदलली. डावीकडं, उजवीकडं, पुन्हा बेंबीखाली... तिच्या कपाळावर घाम आला होता.

"मावशी, काय झालं?"

तिनं नळी परत टेकवली. मी छताकडं बघत राहिले. सकाळपासून बाळ हललं होतं का, तेच मला आठवेना.

मग तिनं दारातून नव्या नर्सला हाक मारली. "सुरेखा, हिकडं ये. हिचं ठोकं ऐक."

सुरेखा वाकली. "एकशे बेचाळीस, सिस्टर. दणदणीत हायत की."

"परत ऐक."

तिनं परत ऐकलं. एकशे चाळीस. मावशी स्टुलावर बसली आणि माझा हात धरला. "पोर ब्येस हाय तुझं. माझा कान गेलाय."

सर्दीनं दडे बसलेत म्हणून तिनं दोन महिने दुर्लक्ष केलं होतं. त्याच दुपारी ती डॉक्टरीणबाईंकडं गेली. "मला ठोक्याला लावू नगासा. आन् दोन म्हैन्यात म्या तपासलेल्या समद्या बायका परत बोलवा." नावं तिनंच काढून दिली. कोडोलीच्या एका बाईला निरोप पोचेना, तर ही स्वतः एसटीनं जाऊन तिला घेऊन आली. सगळ्यांचं ठीक निघालं.

मला मात्र तिचा राग आला होता, त्या काही मिनिटांसाठी. ते मी तिला कधी सांगितलं नाही.

पुढं ठोके मोठ्यानं ऐकवणारं यंत्र आलं. डॉक्टरीणबाईंनी तिला ठोके तपासायला परत बोलावलं. ती म्हणाली, "मशीन ठोकं ऐकवंल. पर बाई घाबरून हळू काय बोलली, ते मला ऐकू याय नगो व्हय?" गेली नाही. निवृत्त होईपर्यंत चादरी आणि नोंदवही सांभाळली, मग कुरुंदवाडला राहिली. शेवटी शेवटी तर तिला काहीच ऐकू येत नव्हतं. मी गेले की नुसती बघत बसायची.

त्या दिवशी मी तपासणीच्या टेबलावरून उतरताना ती मला म्हणाली होती, "डाव्या कुशीवर झोपत जा. बाळाला रगत चांगलं जातंय." माझी मुलगी आता तिशीला आली आहे. मी अजून डाव्याच कुशीवर झोपते.