कौशल्याबाईंची तोटी

…तर चौदावी शिट्टी झाली आणि कौशल्याबाईंनी कुकर उतरवला. वाफ जिरल्यावर झाकण काढून बघतात तो काय, पाणी वर, डाळ खाली, दोघांची ओळखदेख नाही! काल इथवर आलो आणि जेवायची हाक आली. आता जे काल नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो.

कौशल्याबाई वाशीमकडच्या. नवरा बद्रीनाथ मार्केट यार्डात हमाल. दोन हजार चारच्या सुमाराला दोघं पुण्याजवळ धायरीतल्या एका नव्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले. कॉम्प्युटर कंपन्यांच्या बसगाड्या हायवेवरून पोरांना उचलायच्या, म्हणून त्या बाजूला घरोघर परगावची पोरं खोल्या करून राहिलेली. त्यांच्यासाठी बाईंनी खानावळ काढली. मुलगी श्रद्धा नर्सिंगला होती, तिचं शिक्षण ह्याच खानावळीवर चाललेलं. सुरुवातीला पंचवीस पोरं होती. वर्षभरात अकरा उरली.

कारण वरण. डाळ शिजेना म्हणून बाई तिच्यात खायचा सोडा टाकायच्या. डाळ मऊ पडायची, पण चव पार जायची. पोरंही पुण्यात राहून पुणेरी बोलायला शिकलेली. एक जण वाटीत डोकावून म्हणाला, "मावशी, आज वरण छान निघालंय. कुठला साबण?" बाकीचे हसले. बाईही हसल्या, आणि आत जाऊन ओट्याशी उभ्या राहिल्या. पुढच्या महिन्यापासून तो पोरगा जेवायला आलाच नाही.

बाईंनी आधी दोष दिला डाळीला. मग कुकरच्या रबराला. शेवटी नवऱ्याला.

"तुमाले जुनी डाळ देतात आन् तुमी घेऊन येता."

बद्रीनाथ तसा शांत माणूस, पण हे मात्र त्याला लागलं. "वीस वर्सं झाली डाळीची पोती पाठीवर वाहून राह्यलो. मले डाळ समजत नाही?" तरी बिचाऱ्यानं तीन दुकानं बदलली.

खालच्या मजल्यावर हिंदुराव राहायचे. खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीत तीस वर्षं बॉयलरवर काम करून निवृत्त झालेले. एकदा ते चहाला आले आणि चहा राहिला बाजूला, पातेलंच हातात घेऊन बसले. आतल्या पांढऱ्या पुटावर नख ओढलं.

"वहिनी, डाळ चांगली आहे. कुकर चांगला आहे. बद्रीनाथ तर फारच चांगला आहे. जड आहे ते बोअरचं पाणी. अशा पाण्यानं आमचे बॉयलर बसायचे, तिथं तुमच्या डाळीचं काय घेऊन बसलात?"

बाईंनी नळाकडं बघितलं आणि जीभ चावली. "भाऊ, पान्याले तसं नका म्हनू."

हिंदुरावांनी ते कानाआड केलं. कमिटीच्या मागं लागून पाणी हलकं करणारी टाकी त्यांनी महिनाभराच्या बोलीवर खाली पार्किंगमध्ये बसवून घेतली. टाकीला दोन नळ, एक आत जाणाऱ्या पाण्याचा, एक बाहेर येणाऱ्या.

आता गंमत ऐका. सोसायटीचे सेक्रेटरी दत्तप्रसाद, कंपनीत इंजिनियर. त्यांच्याकडं पाण्यातले क्षार मोजणारं पेनाएवढं यंत्र होतं. त्यांनी ते दोन्ही पाण्यांत बुडवलं. आधीच्या पाण्यात आकडा नऊशे. नंतरच्या पाण्यातही नऊशे!

"हिंदुराव, अभिनंदन," दत्तप्रसाद म्हणाले. "बोअरचं पाणी आपण टाकीतून फिरवून आणलं. त्याला बदल मिळाला, आकड्याला नाही. रविवारी टाकी परत."

हिंदुरावांनी परोपरीनं सांगितलं. "अहो, तुमचं पेन सगळे क्षार एकत्र मोजतं. डाळीला नडतो तो चुना. ही टाकी चुना धरून ठेवते आणि त्याच्या जागी मिठातला क्षार सोडते. आकडा तेवढाच राहणार."

"आकडा तेवढाच, म्हणजे पाणी तेच," दत्तप्रसादांनी विषय मिटवला.

कौशल्याबाई जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. टाकी गेली की उरलेली अकरा पोरंही जाणार, आणि श्रद्धाचं शेवटचं वर्ष अजून बाकी होतं. चारचौघांत तोंड उघडायची त्यांना सवय नव्हती.

रविवारी सकाळी टाकी सोडवायला माणूस आला तेव्हा पार्किंगमध्ये दोन स्टोव्ह पेटलेले होते. दोन सारखी पातेली, एकाच पिशवीतली दोन-दोन मुठी तुरीची डाळ. एकात आधीच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात नंतरच्या. सोडा नाही, झाकण नाही. बाई मधोमध पाटावर बसल्या होत्या. कमिटी घड्याळ बघत उभी होती.

पाऊण तासानं बाईंनी पहिल्या पातेल्यातला दाणा चिमटीत धरला. तो निसटून दत्तप्रसादांच्या चपलेपाशी पडला. दुसऱ्या पातेल्यात पळी फिरवली, तर पिवळंधमक, एकजीव वरण!

दत्तप्रसादांनी यंत्र खिशात ठेवलं. माणूस सरळ. टाकीवाल्याला म्हणाले, "तुम्ही जा. टाकी राहू द्या." मग वाटी पुढं केली. बाईंनी मीठ घालून वरण वाढलं. बद्रीनाथ खांबाला टेकून उभा होता. पहिली वाटी खरं तर बाईंनी त्यालाच दिली होती, वर तूप घालून.

वाटी संपवून दत्तप्रसाद म्हणाले, "मावशी, एक सांगा. वर्षभर पोरांची बोलणी खाल्लीत, घरातल्या माणसाशी भांडलात. पाणी वाईट आहे हा एक शब्द कमिटीला का नाही सांगितलात?"

कौशल्याबाईंनी पदरानं हात पुसले.

"दादा, लग्न झाल्यापासून दोन गुंड भरून डोक्यावर पानी आनाले मी कोसभर चालत जात होती. इथं तिसऱ्या माळ्यावर तोटी फिरवली का पानी येते. पहिल्याच दिवशी मी त्या तोटीले हळदकुंकू वाह्यलं. आता तुमीच सांगा, जिले हळदकुंकू वाह्यलं, तिची चुगली कमिटीत कशी करू?"